कांतोसानचं गोल्ड लायसन्स

जपानात, निशी-कसाईत, लक्ष्मीकांत कारखानीस कुठे राहतात असं विचारलंत तर कुणी सांगू शकणार नाही. कांतोसान म्हणा, लगेच बोट दाखवतील. त्याच्या ऑफिसातल्या जपानी मंडळींनी 'लक्ष्मी'पाशी हात टेकले आणि मागच्या 'कांत'वर भागवलं. तेही जमेना, त्याचं 'कांतो' झालं, आणि मागे आदराचं 'सान' लागलं. पुढे आम्हीही तेच म्हणू लागलो. आम्ही म्हणजे मी, सुचित्रा, आणि माझा नवरा शशांक. कांतोसान आणि त्याची बायको पद्मिनी आमच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. अकरा वर्षांची दोस्ती आहे, त्यामुळे त्याच्याबद्दल वाटेल ते बोलायचा मला हक्क आहे.

लक्ष्मीकांत बँकेत रिस्क विभागात आहे. घरातही तो त्याच विभागात असतो. छत्रीशिवाय बाहेर पडत नाही, आणि कचरा कोणत्या वारी कोणता टाकायचा हे जपानी शेजारणी त्याला विचारतात. पण त्याचा खरा अभिमान म्हणजे त्याचं ड्रायव्हिंग लायसन्स. इकडे सलग पाच वर्षं एकही गुन्हा न करणाऱ्याच्या लायसन्सवर सोनेरी पट्टी येते. गोल्ड लायसन्स! कन्बिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, ओळखपत्र मागितलं की हा तेच काढतो आणि पट्टीवर उजेड पडेल असं धरतो.

या गोल्डच्या जोरावर आमची युरोपची ट्रिप ठरली. मे महिन्यात तीन आठवडे, आम्ही चौघं, एक गाडी. म्युनिक, साल्झबुर्ग, आल्प्स ओलांडून स्लोव्हेनिया, क्रोएशिया, मग इटलीतून वळसा घालून परत. लक्ष्मीकांतने सगळे रस्ते कॉम्प्युटरवर आधीच फिरून ठेवले होते. ऑस्ट्रियात काचेवर कोणता स्टिकर लागतो हे त्याला माहीत. ल्युब्लियानाच्या बाहेर एका पेट्रोल पंपाशी चांगली सावली आहे, हेही माहीत. तिथेच थांबायचं. मी म्हटलं, भूक त्याआधी लागली तर? त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला भूकच लागेनाशी झाली.

शशांकचं लायसन्स ठाण्यातच केव्हा तरी संपलं, मी कधी काढलंच नाही आणि पद्मिनीची झेप सायकलपर्यंत. म्हणजे सगळी भिस्त त्याच्यावर. आणि खरं सांगायचं तर ही ट्रिप पद्मिनीची होती. ती डोंबिवलीत गणिताची शिक्षिका होती. 'दोनच वर्षं तर जायचंय, मग तुला गाडीने अख्खा युरोप फिरवीन,' असं सांगून याने तिला नोकरी सोडायला लावलं होतं. दोनाची अकरा झाली. तिने इथे किराणा दुकानात अरुबायतो केला, म्हणजे पार्टटाइम काम, पण वर्गात पाऊल टाकलं नाही. आणि युरोप राहूनच गेला. दर वर्षी प्लॅन व्हायचा, दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. 'या वर्षी नाही झालं तर मी पुन्हा विषय काढणार नाही,' असं ती मला म्हणाली होती, आणि पद्मिनी उगाच बोलणाऱ्यातली नाही.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी रंगीत तालीम ठरली. भाड्याची गाडी घेऊन बोसोच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचं, मासे खायचे, परत यायचं. काउंटरवरच्या तरुणाने लायसन्स पाहिलं, कमरेत वाकला आणि फार मऊ आवाजात विचारलं, "पेपर ड्रायव्हर देस का?"

लक्ष्मीकांत जरा थांबला आणि म्हणाला, "हाय." म्हणजे हो.

"पेपर ड्रायव्हर म्हणजे काय रे?" मी शशांकला विचारलं.

"पेपर्स सगळे क्लिअर असलेला," शशांक ठामपणे म्हणाला. जपानीचं काही अडलं की तो असंच ठामपणे सांगतो. "गोल्डच्या वरची कॅटेगरी असणार."

त्या तरुणाने हिरव्या-पिवळ्या पानाचं एक चिन्ह आणून स्वतःच्या हाताने गाडीला लावलं. आम्हाला वाटलं, हा मान आहे. मी त्या पानाशेजारी उभी राहून फोटो काढून घेतला आणि तो ग्रुपवर टाकला, हे आता कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही.

लक्ष्मीकांतने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली, वाकून खाली पाहिलं, सीट पुढे घेतली, मागे घेतली, आरसा हलवला. मग बराच वेळ किल्ली घालायची जागा शोधली. हल्ली बटण असतं, हे त्याला त्या तरुणानेच दाखवलं. गाडी निघाली, आणि मागे हळूहळू गाड्यांची रांग लागली. मुंबईत एव्हाना आमच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता, पण इथे कुणी हॉर्नला हात लावला नाही. लक्ष्मीकांतने आरशात पाहिलं. "बघा, किती रिस्पेक्ट देतात," म्हणाला. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. फेब्रुवारीत!

हायवेची पाटी दिसली आणि मागे गेली. पुढे डावीकडे कसाईचं समुद्राकाठचं पार्क आलं, जिथे पद्मिनी एरवी सायकलने संध्याकाळी चक्कर मारून येते. तिथल्या पार्किंगमध्ये गाडी लावून, की ती आपोआप लागली म्हणून म्हणा, तो उतरला. "तालीम उत्तम झाली. उगाच दमायचं कशाला? इथूनही समुद्र दिसतो."

मासे आम्ही पाहिले, पण तिथल्या मत्स्यालयात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी शेजारच्या टेबलावरच्या मोरिता-सानना मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमचा ड्रायव्हर गोल्ड आहे, शिवाय पेपर ड्रायव्हर आहे." मोरिता-सानांचा कॉफीचा कप तोंडापर्यंत जाऊन थांबला. "अस्सं," त्या म्हणाल्या. "फार छान. आणि... इन्शुरन्स चांगला घेतलाय ना?"

मग त्यांनी अतिशय अदबीने समजावलं. पेपर ड्रायव्हर म्हणजे ज्याचं ड्रायव्हिंग फक्त कागदावर आहे. लायसन्स काढलं, पण गाडी कधी चालवलीच नाही. चालवत नाही म्हणून गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून गोल्ड. जपानात असे कितीतरी आहेत. आणि ते पान नवशिक्यांचं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी स्टेशनवरून घरी न जाता मी थेट वरच्या मजल्यावर गेले. पद्मिनी कणीक मळत होती, लक्ष्मीकांत टेबलाशी बसून आल्प्समधला एक घाट बघत होता.

"कांतोसान," मी म्हटलं, "तू इथे शेवटची गाडी कधी चालवलीस?"

त्याने लॅपटॉप मिटला. "काल."

"त्याच्याआधी?"

"परीक्षेत," तो म्हणाला.

मग तो एकदम बोलू लागला. तोयोचोच्या लायसन्स केंद्रावर तो पुन्हा पुन्हा नापास झाला होता. एकदा मान पुरेशी वळली नाही म्हणून, एकदा चाक रेघेला लागलं म्हणून. पास झाला तेव्हा मनात धडकीच भरली होती, की एवढ्या चुका आपल्याकडून होतात तर रस्त्यावर माणूसच मारू. म्हणून चालवली नाही. पट्टी मात्र आपोआप सोनेरी झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात!" मी म्हणाले. "आणि दर वर्षी ट्रिप रद्द व्हायची ती?"

"मीच करायचो," तो म्हणाला. पद्मिनीकडे न बघता म्हणाला. "पण या वर्षी नाही. मी रेल्वेचाही प्लॅन तयार ठेवलाय. पास काढला की सगळीकडे जाता येतं. पद्मिनी, ट्रेननेही आल्प्स दिसतात गं."

आता ही चिडणार, असं मला वाटलं. खरं सांगते, मला ते हवंच होतं. पद्मिनीने हात धुतले, पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"शाळेतून पुन्हा फोन आलाय," ती म्हणाली. एदोगावातली भारतीय शाळा. तिथे गणिताला शिक्षक हवे होते. "एप्रिलपासून. येत्या सोमवारी एक तास शिकवून दाखवायचाय. आधी दोनदा बोलावलं होतं त्यांनी. मी नाही म्हटलं. तुला कळू दिलं नाही."

"का पण?"

"आता मुलं वेगळी, पुस्तकं वेगळी. विसरले असेन म्हणून." ती म्हणाली. "बी.एड.चं सर्टिफिकेट कपाटात जपून ठेवलंय. अकरा वर्षांत माझ्याकडून एक चूक नाही. कुणाला एक गणित चुकीचं शिकवलं नाही. शिकवलंच नाही ना! तुझ्या भाषेत मी पण गोल्डच."

मी तिथे भांडायला गेले होते. कणकेवर झाकण ठेवायचं निमित्त करून मी ओट्याशी गेले.

मागून लक्ष्मीकांतचा आवाज आला. "सोमवारी मी सोडतो तुला. गाडीने."

"मग मला रविवारीच निघावं लागेल," पद्मिनी म्हणाली.

आधी ती हसली, मग तो, आणि मी तर डोळे पुसत हसले.

सोमवारी तो रजा काढून खरंच तिला सोडायला गेला, पान लावून, रांग मागे घेऊन. शनिवारी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये जायला लागला. पेपर ड्रायव्हरांसाठी तिथे वेगळा वर्ग असतो. जपानात प्रत्येक लाजेची सोय असते. परवा त्याने गाडी खांबाला घासली आणि तो ओरखडा आम्हा दोघांना खाली बोलावून मोठ्या कौतुकाने दाखवला.

पद्मिनीला शाळेने घेतलं. तिला मे महिन्यात सुट्टी मिळते ती गोल्डन वीकची, म्हणजे जेमतेम आठवडाभराची, तेवढीच. म्हणजे तीन आठवड्यांच्या ट्रिपला कात्री. पेट्रोल पंपही न बदलू देणारा हा माणूस काल आमच्या घरी बसून देशच्या देश खोडत होता. क्रोएशिया गेला, इटली गेली, स्लोव्हेनियातली ती सावलीही गेली. राहिलं म्युनिक, साल्झबुर्ग आणि एक घाट.

"अरे, एवढ्या वर्षांचा प्लॅन," शशांक हळहळला. "वाईट नाही वाटत?"

"काय करणार?" लक्ष्मीकांत म्हणाला, आणि इतका खूश चेहरा मी त्याचा कधी पाहिला नव्हता. "आमच्या बाईंना रजा नाही."