बाळाच्या वाट्याचा पाव

त्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीला दिवाळी नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच आली. कुंड्यांमधला झेंडू खुडून मी दाराला तोरण बांधलं आणि स्टुलावरून उतरते न उतरते तोच शेजारीण फाटकातून धावत आली. ती मेक्सिकोची. तिचा नवरा आणि माझा नवरा एकाच सोन्याच्या खाणीत इंजिनिअर. तिने तोरणाकडे पाहिलं, माझे दोन्ही हात धरले आणि विचारलं, "कोण गेलं तुमच्याकडे?"

तिच्या देशात झेंडू मेलेल्यांसाठी. याच दिवसांत ते घरी येतात म्हणे, आणि त्यांना वाट सापडावी म्हणून ही फुलं मांडतात. खरं तर मी हसून म्हणायचं, अगं बाई, आमचा सण आहे हा. एरवी मी फटकळ, कुणाला गप्प करायला मला वेळ लागत नाही. पण हा प्रश्न त्या गावात मला कुणी विचारलाच नव्हता. तोंडातून निघून गेलं, "माझा मुलगा."

पुणं सोडायच्या आदल्या वर्षी तो झाला आणि बारशाच्या आतच गेला. इतक्या लहान बाळाचं काही करायचं नसतं, सासूबाई म्हणाल्या. ना तेरावा, ना वर्षश्राद्ध. पितृपक्षात आजेसासऱ्यांसाठी पान वाढलं गेलं. त्याच्यासाठी नाही. आल्यागेल्याने "दुसरं होईल" म्हणून समजूत घातली, जणू माझ्या हातून कपबशी फुटली होती. सगळ्यांत जास्त राग मला नवऱ्याचा आला. त्याने बाळाचा विषय पुन्हा काढला नाही. मी काढला की तो उठून जायचा. हा विसरला, असंच मी धरून चालले होते.

"लहान मुलांचा दिवस कालच होऊन गेला," शेजारीण म्हणाली, "पण चालेल. चल." आणि मला ओढतच तिच्या स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिला मेलेल्यांचा पाव करायचा होता. गोड असतो तो, अंडी, लोणी, संत्र्याची किसलेली साल घातलेला. तिच्याकडची बडीशेप संपली होती, ती मी घरून आणली.

"काय आवडायचं त्याला खायला?" पीठ चाळता चाळता तिने विचारलं. ज्याला जे आवडायचं तेही शेजारी ठेवतात.

"दूध," मी म्हटलं. "शेवटी तेही ओढवेना त्याला."

तिने परात माझ्यापुढे सरकवली.

मला कणीक मळायची सवय. हाताला चिकटायला लागलं तसा मी आणखी मैदा घेतला, तर तिने माझं मनगट पकडलं. सैलच राहू दे, म्हणाली. मी मळत राहिले आणि रडत राहिले. पीठ फुगल्यावर तिने त्याचे गोळे केले, उरलेल्याच्या वळ्या करून प्रत्येक गोळ्यावर आडव्या ठेवल्या. ती हाडं, असं तिने सांगितलं. शेवटचा गोळा तिने लिंबाएवढाच घेतला. लहान मुलांचा लहानच करतात. त्याच्यावर वळ्या मी ठेवल्या.

भाजून, वर साखर भुरभुरून तो मी घरी आणला. टेबलावर बशीत ठेवला, शेजारी वाटीभर दूध आणि पणती.

संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला. हे काय, म्हणून त्याने विचारलं. मी सगळं सांगितलं आणि भांडायच्या तयारीने उभी राहिले. आज उठून गेला असता तर मी त्याला सोडणार नव्हते.

तो खुर्ची ओढून बसला. पावाची बशी पुढ्यात घेतली.

"एवढासा का केलास?"

"लहान मुलांचा लहानच करतात."

"दोन वर्षांचा झाला असता तो गेल्या महिन्यात," तो म्हणाला. "एवढ्याने पोट भरलं असतं का त्याचं?"