दुपारच्या डॉक्टरीणबाई

शांती नगरातल्या त्या दाताच्या दवाखान्यात दुपारी बारा ते चार डॉक्टर राजश्री बसते, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. दवाखाना निकेत सरांचा, बोर्डावर नावही त्यांचंच. रिसेप्शनची मुलगी एकला जेवायला घरी गेली की दार उघडायला राजश्रीच. पेशंट डोकावून विचारतो, "मॅडम, डॉक्टर कब आयेंगे?" घ्या! पूर्वी तिला राग यायचा. आता ती नुसतं खुर्चीकडे बोट दाखवते.

संध्याकाळची वेळ तिनेच सोडली होती. लेक सलोनी तेव्हा सहा वर्षांची. नवरा जीवन बँकेतून यायचा आठला, मग पोरीकडे कोण बघणार? बाईमाणसाला दुपारच बरी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. दुपारी येतात ती पोरंटोरं आणि दात साफ करून घेणाऱ्या बायका. अक्कलदाढ आली की केसपेपरवर 'दाढ काढणारे डॉक्टर' या रकान्यात 'डॉ. निकेत' लिहायचं आणि पेशंटला संध्याकाळी बोलवायचं. बारा वर्षं हेच चाललं.

आता सलोनी पुण्याला हॉस्टेलवर आहे, जीवनची बदली नांदेडला झाली. सिल्व्हर पार्कच्या घरात संध्याकाळ नुसती खायला उठते. एका माणसाचा कुकर तो केवढा! शेवटी तिने सरांना विचारलं, "सर, मला दोन संध्याकाळी द्याल का?"

"इतक्या वर्षांत एकही अक्कलदाढ काढली नाहीत तुम्ही," सर म्हणाले. "एक तरी केस दाखवा, पेपरासकट. मग सोमवार-गुरुवार तुमचे."

आणि एका दुपारी अशी केस आली. भाईंदरच्या कोळीवाड्यातल्या तुळसाबाई, गालाला पदर लावून. राजश्री सवयीने म्हणाली, "मावशी, सात वाजता या. सर काढतील."

"सांजला मी म्हावरा घेऊन बाजारात बसते. तू डाक्टर हाय ना? मंग तूच काढ."

दाढ आडवी होती. पण पाऊण तासात दाढ मुळासकट बाहेर! कुणाला सांगू नि कुणाला नको, असं तिला झालं. जीवनचा फोन लागेना. सलोनीने मेसेजवर नुसता अंगठा पाठवला. मग काय, डबा उघडून एकटीच जेवली बिचारी.

आठवड्याने तुळसाबाई टाके काढायला आल्या. त्याच दिवशी चारला सर या केसचा पेपर बघणार होते. राजश्रीने तो काढला. रकान्यात तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'डॉ. निकेत'.

मेला हातच फितूर! दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर भांडता तरी आलं असतं. तिला रडूच फुटलं.

"दाढ माजी आनि रडते तू?"

"माझ्या कामावर सरांचं नाव लिहिलं मावशी. मीच."

"मंग खोड की!"

तिने खोडलं, वर स्वतःचं नाव लिहिलं. तुळसाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. "ह्ये तुजं? लय येळ लावलास गो."

"ही खाडाखोड सर मानतील का?"

"न्हाय मानली तर त्याला आ करून दाखवते." तुळसाबाईंनी बाकावर फतकल मारली.

"अहो, बाजाराला उशीर होईल."

"होऊ दे."

सोमवार-गुरुवार मिळतील न मिळतील. त्या दवाखान्यात राजश्रीसाठी कुणी थांबायची ही पहिलीच वेळ होती.