तिसऱ्या भागाचा शेवट

वहिनी कवळ्या बनवायच्या. दातांच्या दवाखान्यामागची खोली, खिडकीशी टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे आ वासून पडलेले, आणि वहिनी गुलाबी मेणात एकेक दात बसवताहेत. हात इतका हलका, की दात बसल्याचं मेणालाही कळू नये. स्वभावाने मात्र बाई हलक्या नव्हत्या. दुसऱ्यांचे दात बसवता बसवता एक दात त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता, आणि तो होता धाकट्या दिरावर.

कारण ऐकलं तर लोक हसतील. हसोत. वहिनींनी माहेरून येताना व्हिडिओ गेम आणला होता, आणि सोबत उड्या मारणाऱ्या मांजरीच्या तिन्ही कॅसेटी. तिसरीच्या पोटात बारकी बॅटरी होती, तिच्यावर अर्धा राहिलेला खेळ साठवलेला. लग्नाआधी वडील अंथरुणाला खिळले असताना वहिनी त्यांच्या उशाशी बसून तो खेळायच्या आणि ते पडल्या पडल्या ओरडायचे, "डावीकडे बघ गं, डावीकडे!" वडील गेले. खेळ तेवढा कॅसेटमध्ये उरला होता. भावोजींनी एका दुपारी त्या तिन्ही कॅसेटी मित्राला देऊन टाकल्या आणि बदल्यात तलवारवाल्याच्या गेमची तीन भागांची मालिका घरात आणली. विचारलंसुद्धा नाही. वर म्हणाले, "वहिनी, मांजरीच्या उड्या काय खेळता? हा बघा खरा गेम." नवी सून काय बोलणार? आपलेच दात, आपलेच ओठ. वहिनी भांडी विसळत राहिल्या आणि मनात डूख धरून बसल्या.

आता दोघांच्याही केसांत पांढरं शिरलं होतं, आणि दोघंही रविवारी संध्याकाळी मिस्त्रींच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात जायचे. तिथे जाड काचेचा एक जुना टीव्ही होता आणि जुन्या गेमचं वेड लागलेली दहा-बारा माणसं. कोणती मालिका सगळ्यांत भारी आणि कोणती सगळ्यांत भिकार, यावर ही पोक्त माणसं गळ्याच्या शिरा ताणून भांडायची. विमानांची की मारामारीची, नाणं टाकून खेळायच्या मशीनवरची की घरच्या डब्यावरची. नियम एकच होता. शेवट बघितल्याशिवाय कुठल्याही मालिकेला भिकार म्हणायचं नाही. म्हटलंच, तर महिन्याभरात शेवट गाठायचा, नाहीतर यापुढे तोंडाला कुलूप.

भावोजी दर रविवारी तलवारवाल्याची आरती ओवाळायचे. एकदा वहिनींचा तोल गेला.

"सगळ्यांत भिकार मालिका कुठली सांगू? हीच. नुसती तलवार फिरवायची आणि मिरवायचं."

"वहिनी, शेवट बघितलात?" भावोजींनी शांतपणे विचारलं.

वहिनींनी पहिल्या भागापुढे हातही लावला नव्हता. सगळे गालातल्या गालात हसले. दुसऱ्या दिवशी भावोजी तलवारवाल्याच्या तिन्ही कॅसेटी टॉवेलात गुंडाळून स्वतः घरी देऊन गेले.

काम आटोपून आलं की वहिनी खेळायला बसायच्या. पहिला भाग त्या शिव्या देत खेळल्या. दुसऱ्यात शिव्या कमी झाल्या. तिसऱ्यात शिव्या द्यायचं भानच राहिलं नाही. शेवटी एक लांबलचक पूल होता, दोन्ही बाजूंनी बाण येणारा. दुकानात जमणाऱ्या कुणालाच तो ओलांडता आला नव्हता. मेणात दात बसवणारी बोटं होती म्हणून वहिनींना आला.

पलीकडे लढाई नव्हतीच. तलवारवाला तलवार जमिनीवर ठेवतो. नंतर बटण कितीही दाबा, ती उचलत नाही. मग तुम्ही नुसतं चालायचं, आलात तसं परत, शेतांमधून. ज्यांना वाचवलंत ती माणसं बांधावरून हात हलवतात, आणि पहिल्याच भागात हरवलेला घोडा आपणहून मागून येतो आणि सोबत चालायला लागतो. वहिनी ढसाढसा रडल्या. मग भयंकर चिडल्या. भावोजींची मालिका इतकी चांगली असायला नको होती.

रविवारी त्या दुकानात गेल्या, तेव्हा तरीही भिकारच म्हणायचं असं ठरवून गेल्या होत्या. मिस्त्रींनी टीव्हीचा आवाज बंद केला. पण वहिनी तोंड उघडणार, तेवढ्यात भावोजी पुढे सरकले.

"वहिनी, आधी शेवट सांगा. मी पुलाच्या पुढे कधी गेलोच नाही." त्यांनी उजवा हात पुढे केला. "आता बोटं आखडतात. मिटली की उघडत नाहीत. मोबाईलवर सगळं बघायला मिळतं म्हणतात, पण ती चोरी झाली. खेळलेल्या माणसाच्या तोंडून ऐकणं, ही काही चोरी नाही. सांगा ना."

वहिनींनी तो हात बघितला. दया आली का? आली, पण दारातूनच परत गेली.

"शेवट असा काही नाहीच, भावोजी," त्या म्हणाल्या. "पूल ओलांडला की पडदा काळा होतो. 'आभारी आहोत' अशी अक्षरं येतात. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू."

"आणि घोडा?"

"घोड्याचं काहीच दाखवत नाहीत."

भावोजींचा चेहरा एवढासा झाला. पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला.

"मग भिकारच म्हणायची," ते म्हणाले.

त्यांच्याच तोंडून! वहिनींनी असा दिवस स्वप्नातही मागितला नव्हता. त्या ताठ मानेने घरी चालत आल्या, पोटभर जेवल्या आणि नवऱ्याने विचारलं नसतानाही म्हणाल्या, "आज बरी जिरली." पुढच्या रविवारी भावोजी आले नाहीत. कॅसेटी न्यायला या म्हणून वहिनींनी फोन केला, तर म्हणाले, "ठेवा तुमच्याकडेच, मला नकोत आता."

मग एका संध्याकाळी वहिनींनी तिसरा भाग पुन्हा लावला. पूल ओलांडला. तलवार खाली ठेवली गेली, शेतं आली, आणि मागून घोडा आला. यावेळी त्यांना दिसलं, की घोडा किंचित लंगडतो, कारण पहिल्या भागात त्याच्या पायाला बाण लागला होता. हे कुणाच्या लक्षात आलं असेल? आनंदाने त्यांनी फोन हातात घेतला. मग तसाच खाली ठेवला. हे ऐकून वेडा होईल असा माणूस एकच होता, आणि त्याला आता सांगता येणार नव्हतं.