पंचेचाळीसचा काटा आणि कमलताईंच्या कुरडया

आमच्या गाडीत काहीही बिघाड नव्हता, हे आम्हाला ती बिघडवल्यानंतर कळलं.

‘आम्हाला’ म्हणजे खरं तर मला. पण अपराध एकट्याने कबूल करायची मला सवय नाही, आणि या कामात माझा साळा विलास बरोबरीने हात काळे करत होता, म्हणून ‘आम्हाला’.

माझी बायको सुनंदा कन्हानच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी ती निवृत्त होणार होती. छत्तीस वर्षं ती नागपूरहून कन्हानला बसने गेली. उभ्याने गेली, दप्तराएवढ्या जागेत बसून गेली, एकदा तर कोंबड्यांच्या टोपलीशेजारी बसून गेली. म्हणून मी जाहीर केलं होतं, “शेवटच्या दिवशी तुला आपल्या गाडीने, थेट शाळेच्या फाटकात सोडीन!”

“एका दिवसासाठी कशाले?” ती म्हणाली. पण नंतर तीन मैत्रिणींना तिने फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, “नाही वं, मी बसनं नाही येत. हे सोडून देणार आहेत. गाडीनं.” त्या ‘गाडीनं’मध्ये जो सूर होता, तो लग्नानंतर मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आता माघार घेणं शक्य नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही रंगीत तालीम म्हणून कामठी रोडला निघालो. उड्डाणपुलाचा चढ अर्धा चढला आणि गाडी बंद! मागून हॉर्न. चार भल्या माणसांनी धरून गाडी उलटी खाली उतरवली. खाली सपाटीवर किल्ली फिरवली, तर पहिल्या झटक्यात सुरू. पुन्हा पूल, पुन्हा अर्ध्यावर बंद. पुन्हा तीच चार भली माणसं. (दुसऱ्या वेळी ती तितकी भली वाटली नाहीत.) तिसऱ्या खेपेला सुनंदा आधीच उतरली.

“मी पायी जाते म्हटलं तर पुलाच्या वर लवकर पोचीन,” ती म्हणाली. “तुम्ही आले तर या.”

आमचे मेकॅनिक बबनभाऊ यांनी फोनवरच निकाल दिला. “पंप गेला, साहेब. पेट्रोल वर फेकत नसन. उद्या आणून द्या, दुपारपर्यंत बदलून देतो.”

इथे मी ‘बरं’ म्हणालो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मी म्हणालो, “प्रेशर मोजल्याशिवाय पंप बदलायचा नाही.”

“मोजायचं यंत्र माह्याजवळ नाही. मी कानानं ऐकतो. खाली-पिली डोकं काहून लावून राहिले?”

“बबनभाऊ, मी एकतीस वर्षं खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये काढली. प्रेशर मला नका शिकवू!”

हे वाक्य शंभर टक्के खरं आहे. फक्त मी ती एकतीस वर्षं तिथल्या स्टोअरमध्ये काढली, एवढं सांगायचं राहून जातं. प्रेशर गेज मी खोक्याने वाटले. सही घेऊन वाटले. पण माझ्या हाताने एकही, कधीही, कुठेही लावलेला नाही.

रात्री जेवताना मोबाईलवर एक व्हिडिओ सापडला. एक हसरा माणूस सात मिनिटांत घरच्या घरी पेट्रोलचं प्रेशर मोजायचं यंत्र तयार करत होता. इंजिनाकडे जाणारा पेट्रोलचा पाईप सोडवायचा, मध्ये तीन तोंडांचा जोड बसवायचा. दोन तोंडांतून पेट्रोल इंजिनाला, तिसऱ्या तोंडाला काट्याची तबकडी. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये थांबला तर पंप ठणठणीत. इतकं सोपं! मला त्या बबनभाऊंची कीव आली.

शुक्रवारी सकाळी विलास आला. सुनंदाचा हा धाकटा भाऊ काटोलकडे संत्र्याची बाग करतो. बहिणीच्या निरोप समारंभात वाटायला त्याने पिकअपमध्ये संत्र्यांचे क्रेट भरून आणले होते. मी त्याला योजना सांगितली. कोणाचाही साळा अशा वेळी दोन शहाणपणाचे शब्द सांगतो. माझा साळा म्हणाला, “भाऊजी, एक नंबर! जोड माह्याजवळ आहे ना. ठिबकचे दहा-बारा पडले आहेत गाडीत.”

तबकडी आम्ही पायाने हवा भरायच्या पंपाची उपटून काढली. पाईप घरातच होता. क्लिपा विलासकडे होत्या. सगळं फुकटात! दोघंही इतके खूश, की चहा घ्यायचंही विसरलो. सुनंदा चहा घेऊन स्वतः अंगणात आली आणि जोड हातात घेऊन उलटसुलट पाहू लागली.

“हा ठिबकचा आहे नं रे, विलास? ठिबकमध्ये प्रेशर किती राहते?”

“पंधरा-वीस, ताई.”

“आणि इथं किती येणार?”

“पंचेचाळीस,” मी म्हणालो.

ती आठवीच्या वर्गात उत्तराची वाट पाहत उभी राहते तशी उभी राहिली. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

“म्हणून तर क्लिपा घट्ट आवळणार आहोत!” मी म्हणालो.

ती कप घेऊन आत गेली. जाताना एवढंच म्हणाली, “जुने कपडे घाला.” मी घातले. (बूट मात्र पायात चांगले होते, निरोप समारंभासाठी आणलेले. पायात जरा रुळावेत म्हणून घातले होते.)

आता आमच्या ले-आऊटमधल्या शेजारीणबाई कमलताई यांच्याकडे वळणं भाग आहे. आमच्या दोन घरांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. अलीकडे आमची गाडी, पलीकडे त्यांचं अंगण. त्या दिवशी त्या अंगणात दोन बाजांवर पांढरी धोतरं अंथरून पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत होत्या. तीन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून, पहाटे शिजवून घातलेल्या. उरलेल्या चिकाचं पातेलं शेजारी झाकून ठेवलेलं. कमलताई तिथेच उभ्या होत्या; मी त्यांना हात जोडून नमस्कारही केला.

“काय करून राहिले गा तुम्ही दोघं?” त्यांनी विचारलं.

“जरा टेस्टिंग!” मी म्हणालो. हा शब्द उच्चारताना छाती आपोआप पुढे येते.

व्हिडिओतला माणूस सांगत होता, की पाईप काढण्याआधी आतलं प्रेशर उतरवून घ्या. पण हे वाक्य चौथ्या मिनिटाला होतं. आम्ही तिसऱ्या मिनिटालाच पाईप ओढला. सुर्रकन एक पिचकारी माझ्या मिशांवर आली. पाईपच्या टोकाशी ‘कट्’ असा आवाजही झाला.

“हे काहून वाजलं, भाऊजी?”

“निघताना वाजतंच ते,” मी मिशा पुसत म्हणालो.

जोड बसवला. क्लिपा आवळल्या. विलास स्टिअरिंगवर बसला, मी बॉनेटमध्ये वाकलो. बॉनेट उघडं असल्यामुळे त्याला माझा चेहरा दिसणार नव्हता, म्हणून खुणा ठरल्या. मी बाजूला हात काढीन. हात वर, म्हणजे रेस द्यायची. हात खाली, म्हणजे बंद करायचं. पॉवर हाऊसमध्ये असंच करतात, असं मी त्याला सांगितलं. (करतात की नाही देव जाणे. मी स्टोअरमध्ये होतो.)

किल्ली फिरली. इंजिन सुरू झालं. आणि काटा? काटा डौलात उठला, चाळीस ओलांडून पंचेचाळीसवर जाऊन थांबला! बरोब्बर पंचेचाळीस! मला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एक गेज लावला होता आणि तो चालत होता.

“सुनंदाss! बाहेर ये, पंचेचाळीस!”

ती बाहेर आली. माझा आवाज ऐकून कमलताईही आल्या. त्यांची पूजा नुकतीच आटोपत होती, तुळशीला ओवाळायची पेटती उदबत्ती त्यांच्या हातात होती.

त्याच क्षणी ठिबकच्या जोडाने आपला विचार बदलला.

‘फट्’ असा आवाज झाला आणि पेट्रोलचा फवारा माझ्या तोंडावर, तिथून डोक्यावर, तिथून भिंत ओलांडून पलीकडे! माणसाच्या तोंडावर फवारा आला तर तो काय करतो? दोन्ही हात वर करतो. मी दोन्ही हात वर केले.

विलासने प्रामाणिकपणे दुप्पट रेस दिली.

“अरे बंद!” मी ओरडत होतो. इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू येत नव्हतं, खुणा मात्र स्वच्छ दिसत होत्या. पेट्रोल न मिळाल्यामुळे शेवटी इंजिन स्वतःच खोकत बंद पडलं. मला वाटलं, सुटलो. पण विलास मेहनती शेतकरी आहे. माझे हात अजून वर आहेत हे पाहून त्याने पुन्हा किल्ली मारली. पंप पुन्हा सुरू, फवारा पुन्हा सुरू!

आणि मग माझं लक्ष उदबत्तीकडे गेलं. सुनंदाचंही त्याच वेळी गेलं.

“कमलताई, उदबत्तीss!” आम्ही दोघं एकदम किंचाळलो.

त्या बिचाऱ्या इतक्या दचकल्या, की त्यांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि पातेल्यावरचं झाकण उडवून उदबत्ती थेट चिकात खुपसली. ‘च्स्स’ झालं आणि विझली. आजही मी त्यांच्या प्रसंगावधानाला मनातल्या मनात नमस्कार करतो. सुनंदाने तोवर गाडीच्या खिडकीतून हात घालून किल्लीच उपटून घेतली होती.

माझ्या नाकावरून एक थेंब पडला.

“ताई, थांबवलं काहून?” विलास खाली उतरत म्हणाला. “भाऊजी तर अजून रेस मागून राहिले होते!”

कमलताई बाजेजवळ गेल्या. एक कुरडई उचलली, हुंगली आणि खाली ठेवली. “अवं सुनंदा,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तीन दिवस गहू भिजवले होते मी.” त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“धुऊन नाही का चालणार?” मी विचारलं. दोघी बायकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी तिथून निघून सरळ नळाखाली जाऊन बसलो.

दुपारी बबनभाऊ आले. त्यांनी आधी पाईपचं टोक पाहिलं. ‘कट्’ वाजलेला तो भाग म्हणजे पाईप जागेवर पकडून ठेवणारं प्लास्टिकचं कुलूप होतं. तुटलं होतं. “हे सोमवारशिवाय भेटत नाही, साहेब.” मग त्यांनी कान लावून ऐकलं, गाडी हलवून पाहिली, मागे जाऊन टाकीत एक लांब नळी घातली. ती बाहेर काढून बराच वेळ पाहत राहिले.

“साहेब, पंप बरोबर आहे.”

“मी म्हटलंच होतं! पंचेचाळीस!”

“प्रेशर बी बरोबर आहे. पेट्रोलच नाही.”

“अहो, काटा अर्ध्यावर आहे!”

“तो तिथंच अटकला आहे. टाकीत तळाला थोडंसं होतं. सपाटीवर पंपाले भेटत होतं, चढावर मागं सरकत होतं, म्हणून गाडी बंद पडे. आता तेवढंही नाही.” त्यांनी एकदा भिंतीपलीकडे पाहिलं. “ते तुम्ही कुरडयांवर टाकलं.”

संध्याकाळपर्यंत मी चार वेळा आंघोळ केली. साबणाने, बेसनाने, लिंबाने आणि शेवटी भांड्यांच्या पावडरीने. वास गेला नाही. सुनंदा दाराशी उभी होती. मला वाटलं, आता बोलेल. मी आधीच म्हणालो, “तुला गाडीने न्यायचं होतं गं. मी सगळं...”

“डोळ्यांत तर नाही नं गेलं?” तिने विचारलं. टॉवेल दिला आणि गेली. छत्तीस वर्षांतला शेवटचा दिवस मी नासवला होता आणि ही माझे डोळे तपासत होती. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. (पेट्रोलमुळेही असेल.)

शनिवारी सुनंदा कोशाची रेशमी साडी नेसून विलासच्या पिकअपमध्ये पुढे बसली. शेजारी कमलताई बसल्या. कुरडयांचं दुःख विसरून त्या आल्या होत्या, त्यासाठी पुढच्या आठवड्यात नवा सगळा घाणा मी सोऱ्यातून दाबून द्यायचा, एवढीच अट होती. मी मागे, संत्र्यांच्या क्रेटवर. “त्याइले मागंच बसवा,” कमलताईंनी विलासला बजावलं होतं, “मले मळमळून राहिलं.”

पण फाटकात शाळेतल्या पोरींनी पिकअपलाच घेरलं. मैत्रिणी टाळ्या वाजवत होत्या. सुनंदा उतरली ती अशी, की जणू ती कायम संत्र्यांसोबतच प्रवास करते.

कार्यक्रम सुरू झाला. मुख्याध्यापक म्हणाले, “बाईंच्या यजमानांच्या हस्ते दीपप्रज्वलन करू या,” आणि पेटती मेणबत्ती घेऊन माझ्याकडे आले.

“त्यांच्या हातात ती देऊ नकाss!” व्यासपीठावरून सुनंदा ओरडली. समोर माईक चालू होता.

मुख्याध्यापक जागीच थांबले. त्यांनी श्वास घेतला, नाक आक्रसलं आणि माझ्या कानाशी येऊन अतिशय सहानुभूतीने विचारलं, “सकाळीच?”

दिवा कमलताईंनी लावला.

शेवटी सुनंदा बोलायला उभी राहिली. “मी छत्तीस वर्षं आठवीला दाबाचा धडा शिकवला,” ती म्हणाली. “या शाळेतलं एकही पोरगं त्या धड्यात नापास झालं नाही. घरच्यांचं मी बोलत नाही.” सभागृह हसलं. विलास सगळ्यांत मोठ्याने हसला, नालायक! मग ती थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “पण एक सांगते. ज्याला धडा येत नाही तरी जो गृहपाठ मनापासून करतो, तो विद्यार्थी मला नेहमीच आवडत आला.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांत जास्त वेळ मीच वाजवत होतो. एक तर ऊर भरून आला होता, आणि दुसरं म्हणजे, तेवढाच वास जरा पांगत होता!