दुसरा माग

हे मी देवापुढंबी बोलले नाही. देवाला सांगायचं तरी काय — तो त्या दिवशी घरातच होता की, फळीवर. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि या भागातले असाल, तर आमच्या बाळूला ओळखत असाल. मला नाही.

बाळू म्हणजे बाळू पैलवान, माझा धाकटा भाऊ. वडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाला अजून त्याच्या फोटोचा बोर्ड आहे, फेटा बांधलेला, उन्हानं फेट्याचा रंग उडालाय. येळ्ळूरपासून निपाणीपर्यंत कुठल्याबी मैदानात त्याचं नाव पुकारलं की माणसं झाडावर चढून बसायची. हे खरं आहे. त्याच्याबद्दल जे छापून आलं त्यातलं एवढं तरी खरं आहे.

दोन वर्षांमागं तो गेला. अंगणात खुर्चीवर बसला होता, बसल्या जागी गेला. मला रडू आलं नाही. तेव्हा नाही, नंतरबी नाही. त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही, ते राहू द्या.

मग पेपरवाले आले, मोबाइलवर चॅनल चालवणारी पोरं आली. मेलेल्या माणसाला आपण एकदाच आंघोळ घालतो — ही माणसं आठवडाभर घालत होती. शांत, संयमी, मातीशी इमान राखणारा. मैदानाबाहेर मुंगीलाबी न दुखवणारा. आणि हे त्यांच्या मनचं नव्हतं बरं का. मी सांगत होते. घरातली थोरली मी, बोलकी मी, माईक माझ्याच तोंडापुढं यायचा. कन्नड चॅनलचा पोरगा आला, त्याला कन्नडात सांगितलं — भाळ छलो मनुष्या, लई चांगला माणूस. मराठी पेपरवाल्याला मराठीत. एकच खोटं, दोन भाषांत. आम्हाला दोन्ही येतात.

कमल तेव्हा शेजारीच बसलेली असायची. कमल म्हणजे बाळूची बायको, माझी भावजय. मी कपाळ पांढरं करून माहेरी परत आले तेव्हापासून आम्ही दोघी एका घरात. पुढच्या खोलीत दोन माग, लाइटीवर चालणारे. दिवसभर साड्या विणायच्या. माग चालू असला की शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू येत नाही, ओठ बघून समजून घ्यायचं. गल्लीत सगळ्या घरांत तसंच. कुणी कुणाला विचारत नाही, आज आवाज जास्त का.

शेवटी एक पोरगी आली, पेपरातलीच, माझ्या नातीएवढी. बाकीच्यांसारखी घाईत नव्हती. चहा प्याली, मग म्हणाली, "आजी, एक विचारू? काहीजण म्हणतात पैलवान तापट होते. घरातसुद्धा."

मी हसले. म्हटलं, "पैलवान तापट नसला तर काय भजनी असतोय व्हय?" तीबी हसली. पण पेन थांबलेलं होतं तिचं. कमलकडं बघत होती. कमलची डावी बाजू आमच्याकडं होती आणि काय चाललंय ते तिला कळत नव्हतं. पोरीनं हळूच विचारलं, "काकूंना ऐकू कमी येतं का?"

आता तुम्हीच सांगा — याहून सरळ कुणी विचारायचं? तेवढ्यासाठीच आली असेल ती, कोण जाणे. मला फक्त व्हय म्हणायचं होतं, आणि पुढचं एक वाक्य.

मी म्हटलं, "मागानं गेला तिचा कान. नवऱ्याच्या खुराकाला दूध-बदाम कमी पडू नये म्हणून रात्रंदिवस माग चालवला बाईनं."

पोरीनं लिहून घेतलं. रविवारी छापून आलं, कमलच्या फोटोसकट. नवऱ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचा कान देणारी माउली. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. कमलच्या नातीनं तिच्या उजव्या कानाशी बसून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. कमलनं शेवटपर्यंत ऐकलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "बरं सांगितलासा, आक्का." आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरायला उठून गेली.

रागानं म्हणाली का? कळलं नाही. तिच्या आवाजावरून काही कळायचं कधीच बंद झालंय.

आता कानाचं सांगते.

खूप वर्षं झाली. निपाणीच्या मैदानात बाळू हरून आला, सदलग्याच्या एका कोवळ्या पोरानं त्याला पाडलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला बसला. भाकरी गार होती म्हणे. का आमटी. कशानं सुरू झालं ते मला आठवत नाही, आणि आठवून तरी काय. मारणं नवं नव्हतं. हरला की मारायचा, कधी जिंकला तरी. एक माग चालूच होता, मी त्यावर होते. मधल्या खोलीतनं कमलचं ओरडणं आलं. मागाच्या आवाजाच्याबी वरनं आलं, म्हणजे बघा. बाहेर कट्ट्यावर तालमीतली पोरं बसलेली, बाळूला, आपल्या वस्तादाला, गाठायला आलेली. त्यांनी माना वळवल्या.

मी उठले. मधल्या खोलीचं दार माझ्यापासून दोन हातांवर होतं. नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती.

मी दुसऱ्या मागाकडं गेले आणि तो चालू केला.

त्यावर सूत नव्हतं. रिकामा माग. सूत नेणारा धोटा नुसता इकडनं तिकडं. पोरांनी माना परत फिरवल्या. मी दोन मागांच्या मधे उभी राहिले, आणि पुढं काय झालं ते मला ऐकू आलं नाही. ते ऐकू येऊ नये म्हणूनच चालू केला होता. कमलचं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून, आणि मलाबी.

आधीबी केलं होतं तसं. त्या दिवशी पहिल्यांदा केलं असं नाही.

बाळू बाहेर गेल्यावर आत गेले, तर तिच्या मानेवर रक्त आलेलं, कानातनं. डॉक्टरकडं मीच नेली. मागाच्या आवाजानं झालं म्हणून सांगितलं. ते वाक्य तेव्हापासूनचं आहे. त्या पोरीपुढं मला सुचलं नव्हतं, तयारच होतं.

ओरडताना कमल माझं नाव घेत होती. आक्का, आक्का म्हणून. हे सांगायचं राहिलं होतं.

यंदा बाळूच्या नावानं कुस्त्यांचं मैदान भरलं. कमलचा सत्कार ठेवला होता, साडी, नारळ, शाल. निवेदकानं पेपरातलं सगळं परत सांगितलं, वर पदरचं घालून. मग माईक तिच्यापुढं धरला, दोन शब्द बोला म्हणाला. ती लोकांत कधी बोललेली नाही. मी पहिल्या रांगेत खुर्चीवर होते. तिनं मला शोधलं. बराच वेळ माझ्याकडं बघितलं.

मग म्हणाली, "मागानंच गेला कान."

टाळ्या वाजल्या. मीबी वाजवल्या.