बाही चिमटीत धरणारे मामा

जगात कुणीही सुती शर्ट घातला, तर त्यात आपल्या शिवारातला एक तरी धागा असणारच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिलाय. ते माझे दिंद्रुडचे मामा. लग्नात अक्षता टाकायच्या सोडून हे शेजाऱ्याची बाही चिमटीत चोळून बघणार. बीडच्या स्टँडवर एका अनोळखी वकिलाची बाही धरली, तेव्हा मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. मामा मात्र शांत. म्हणाले, "काहून चिडता, सायेब? कापूस आपला हाय का, तेवडंच बघतोय."

परदेशातल्या एका सूतगिरणीला थेट गावातून साफ कापूस हवा होता. नमुना पास झाला की बारा घरांचा कापूस तिकडे जाणार होता. कापसात केस नको, गोणीचा दोरा नको. झालं, मामांनी प्लास्टिकच्या गोण्या बंद केल्या, वेचणाऱ्या बायांना डोक्याला फडकी बांधायला लावली आणि स्वतःच्या टकलालाही एक बांधलं. मी म्हटलं, "मामा, तुम्हाला केस आहेत कुठं?" तर म्हणाले, "नियम म्हंजी नियम."

एवढं करून नमुना नापास झाला. का, तर कापसावर लाल डाग. शुभकामाला निघालेली कुठलीही वस्तू कुंकू लावल्याशिवाय मामांच्या घरातून बाहेर पडत नाही, आणि ते कुंकवाचं बोट खुद्द मामांनीच टेकवलं होतं. गाव हसलं. आठ दिवस मामांनी कुणाच्या बाहीला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. नवव्या दिवशी मला बसवून म्हणाले, "गिरणीला लिही. कापसात खोट न्हाई, ती आमची रीत हाय. आनखी एक डाव बघा."

गिरणीने ऐकलं. या खेपेला मामी म्हणाली, "कापूस ऱ्हाऊ द्या, तुमीच या हिकडं," आणि कुंकू मामांच्या कपाळाला लावलं. नमुना पास झाला. बारा घरांचा कापूस गेला.

आता मामांना नीट दिसत नाही. परवा गेलो तर त्यांनी माझी बाही चिमटीत धरली. "आपलाच हाय," म्हणाले. कॉलरच्या पट्टीवर परदेशाचं नाव होतं, ते मी वाचून दाखवलं.

"मग काय," मामा म्हणाले, "तिकडून फिरून घरी आला."

बाही त्यांनी बराच वेळ सोडली नाही. मीही हात हलवला नाही.