पुसण्याआधी

दर सोमवारी सकाळी हवानाची बस क्युबातल्या प्लासेतास या छोट्या गावाला लागली, की ओदाल्मिस ड्रायव्हरकडून एक काळी हार्डडिस्क घेते आणि पिशवीत केळ्यांखाली ठेवते. लपवण्यासारखं काही नसतं, सवय म्हणायची. डिस्कमध्ये आठवडाभराचं जग असतं: कोरियन मालिका, ब्राझीलच्या मालिका, सिनेमे, बेसबॉल. गावात घरी इंटरनेट असलेला माणूस शोधून सापडायचा नाही, त्यामुळे जो तो पेनड्राइव्ह घेऊन तिच्या दारात उभा राहतो आणि हवं ते भरून नेतो.

भिंतीवर सीडी विकण्याचा परवाना चौकटीत लावलेला आहे. इन्स्पेक्टर येतो, कॉफी पितो आणि दोनच गोष्टी विचारतो: राजकारण नाही ना, नागडंउघडं नाही ना? सिनेमांच्या मालकांची परवानगी घेतली का, हे त्याने कधी विचारलं नाही आणि तिच्याही मनात आलं नाही. मालक समुद्रापलीकडे, त्यांनी तरी आपल्याला कधी काय विचारलं, असं गावाचं रोखठोक मत आहे.

"दुसऱ्याच्या पेनड्राइव्हमध्ये मी डोकावत नाही," हे ओदाल्मिसचं आवडतं वाक्य. ड्राइव्ह भरलेला असला की ती विचारते, "पुसू?" आणि लोक काही न बघता म्हणतात, "पूस सगळं." आता खरी गोष्ट. पुसण्याआधी ती सगळ्याची एक प्रत आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. निवृत्तीआधी ती वाचनालयात होती. तिथे वाळवी लागलेली पुस्तकं रद्द करायची वेळ आली, की एकेक करून ती घरी आणायची. टाकून द्यायला हात धजावत नसे. या प्रती ती उघडून पाहत नसे हे खरं, पण ठेवत होती हेही तितकंच खरं.

एवेलिओ हा बेसबॉलचा निवृत्त अंपायर. मार्चमध्ये त्याची बायको नेरेइदा गेली. एका सोमवारी "पूस सगळं, या मालिकेतल्या पोरी रडून रडून संपल्या," म्हणत त्याने नवी मालिका भरून नेली आणि मंगळवारी धापा टाकत परत आला.

"अगं, त्यात नेरेइदा होती."

"म्हणजे?"

"आवाज गं तिचा. लेकीने मोबाइलवर घेतला होता. तो मोबाइलही विकला तिने. माझ्याकडे दोन ड्राइव्ह, दोन्ही निळे. मी चुकीचा दिला."

रांगेतली मिग्दालिया लगेच म्हणाली, "अंपायर, आउट तुम्हीच दिलंत. आता कोणाशी भांडणार?"

एवेलिओ हसला नाही. तो जायला वळला.

"थांबा," ओदाल्मिस म्हणाली. गेलेलं परत आणायचा एक प्रोग्राम आहे, ही थाप तिच्या ओठांवर तयार होती. पण नुसतं 'थांबा' ऐकूनच म्हाताऱ्याने आभार मानायला टोपी काढली आणि तिला ते सहन झालं नाही.

"माझ्याकडे प्रत आहे. मी सगळ्यांच्याच ठेवते."

तिने फाइल शोधून लावली. खोलीभर नेरेइदा ओरडली, "एवेलिओ, झाकण ठेव! सांगून सांगून जीभ झिजली माझी, घेवडा करपतोय!" एवेलिओने डोळे मिटून घेतले.

"माझंही आहे?" मिग्दालियाने विचारलं.

"आहे. उघडलं नाही कधी."

"पण आहे."

"आहे."

मिग्दालिया आपला ड्राइव्ह मुठीत धरून निघून गेली. मागचे दोघेही गेले.

ओदाल्मिसने आवाज एवेलिओच्या ड्राइव्हवर भरून दिला. तो जागचा हलला नाही.

"आता तुझ्याकडचा पूस."

"राहू द्या की. पुन्हा हरवला तर?"

"हरवला तर माझा हरवेल. माझ्यासमोर पूस."

कॉम्प्युटरने विचारलं, नक्की पुसायचं? तिने एवेलिओकडे पाहिलं आणि बटण दाबलं. जवळ काही न ठेवता पुसण्याची तिची ती पहिलीच वेळ. तिला रडू आलं, आणि लाजही वाटली.

पुढच्या सोमवारी परवान्याखाली एक कागद चिकटवलेला होता: 'पुसण्याआधी मी प्रत ठेवत होते. आता ठेवत नाही. जुनी हवी असेल त्याने न्यावी, नको असेल त्याने समोर बसून पुसून घ्यावी.' मिग्दालिया आली नाही. दुपारपर्यंत कोणीच आलं नाही.

मग एवेलिओ आला. त्याने कागद दोनदा वाचला आणि निळा ड्राइव्ह पुढे केला.

"पुसू?" तिने विचारलं.

"आधी काय आहे ते बघू," तो म्हणाला आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला.